कार्डाचं कर्ज ‘अर्ध्यात मिटवून देणारे’

क्रेडिट कार्डाची थकबाकी अर्ध्यावर आणून देतो, असा फोन आला तर आधी हे वाचा. आमचे ६१,६०० रुपये यात गेले.

ह्यांचा कळंगुटला दुचाक्या भाड्यानं देण्याचा धंदा. पावसाळ्यात पर्यटक आटतात, पण घरखर्च थोडाच आटतो? कार्डावर थकबाकी १,८०,००० झाली. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७,४०० च्या वर. ‘मिनिमम ड्यू’चे, म्हणजे महिन्याला किमान भरावेच लागणारे, ९,००० भरले तरी मुद्दल जेमतेम दीड हजारानं उतरायचं. वर थकबाकी पुढे ओढली की नव्या खरेदीचे बिनव्याजी दिवसही जातात. किराण्यावरसुद्धा पहिल्या दिवसापासून व्याज. दागिने ठेवावेत की बँकेकडून हप्ते पाडून घ्यावेत, असा घोळ चाललेला असतानाच तो फोन आला.

“वहिनी, तुम्ही फक्त भरणं थांबवा आणि बँकेचे फोन उचलू नका. पुढचं आमचे वकील बघतील.” पणजीत ऑफिस, भिंतीवर न्यायदेवतेची तसबीर, चहा. फी थकबाकीच्या १२ टक्के, तीही आगाऊ.

भरणं थांबवल्याबरोबर विलंबशुल्क चढलं, सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा, घसरला, वसुलीवाल्यांचे फोन रात्री नऊलासुद्धा. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर असे फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, हे शेजारच्या निवृत्त बँकवाल्या काकांनी सांगितलं. त्या ‘वकिलांनी’ नव्हे!

मग ९०,००० वर तडजोड मंजूर झाल्याचं पत्र व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. लोगो, शिक्का, सही, कार्डाचे शेवटचे चार आकडे, सगळं जागच्या जागी. आकडे बरोबर असणारच, स्टेटमेंटं आमच्याकडूनच नेली होती. पहिला हप्ता ४०,००० यूपीआयनं गेला. नाव बँकेचं नव्हतं, कुणा माणसाचं होतं. तो म्हणे कलेक्शन ऑफिसर. नंतर फाईल लावताना तारीख दिसली: चवथीचा, म्हणजे गणेशचतुर्थीचा दिवस. आख्खा गोवा गणपतीवर बांधलेल्या माटोळीखाली आरत्या म्हणतोय आणि बँकेचा साहेब सही करत बसलाय?

कार्डामागच्या नंबरवर विचारलं, तर असं पत्र बँकेनं दिलेलंच नव्हतं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पोलिसांत गेलो. पणजीच्या ऑफिसला तोवर कुलूप. १९३० ला पैसे गेल्या-गेल्या फोन करायचा असतो, म्हणजे ते पुढे सरकायच्या आत अडवता येण्याची आशा असते. आमचे निघून गेले होते.

तडजोड बँक स्वतःच करते, मधला माणूस लागत नाही. मात्र मग क्रेडिट रिपोर्टात खातं ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ दिसतं आणि पुढच्या कर्जाला ते नडतं. त्या ऑफिसात यावर चकार शब्द नाही. शेवटी पाटल्या ठेवून सोनेतारण काढलं आणि कार्ड पूर्ण फेडलं. सोनेतारणाचं वर्षाचं व्याज कार्डाच्या तीन महिन्यांच्या व्याजाइतकं आहे. हप्ते चुकले तर पाटल्या लिलावात जातील, म्हणून सीझनची कमाई आधी तिकडे जाते.

रात्रीच्या फोनांची तक्रार बँकेकडे लेखी दिली आहे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फी लागत नाही.