आरटीएल ८१११एच चिपचे लॅन कार्ड: फोंड्यातील कार्यालयातला अनुभव

पावसाळ्याच्या तोंडावरील गडगडाटात आमच्या गोव्यातील फोंड्याच्या कार्यालयातील एका संगणकाचे मदरबोर्डवरचे (मुख्य सर्किट बोर्डावरचे) लॅन पोर्ट, म्हणजे नेटवर्कची केबल लावायची जागा, निकामी झाले, तेव्हा बाकी सर्व ठीक चालणारा बोर्ड न बदलता आम्ही रिअलटेक आरटीएल ८१११एच चिपचे पीसीआय एक्स्प्रेस कार्ड, म्हणजे बोर्डावरच्या स्लॉटमध्ये (खाचेत) बसणारे लॅन कार्ड, घेतले. याच चिपची कार्डे अनेक नावांनी विकली जातात. त्यामुळे खोक्यावरील नावापेक्षा चिप कोणती हे पाहून घ्यावे. इंटरनेट फायबरचे असले की विजेची भीती नाही, असा समज गोव्यात बऱ्याच जणांचा आहे. फायबरमधून वीज वाहत नाही हे खरे. परंतु मोडेमचा अडॅप्टर घरच्याच वायरिंगवर असतो आणि पुढची लॅन केबल तांब्याची असते, त्यामुळे विजेचा झटका त्या वाटेने पोर्टपर्यंत येऊ शकतो.

कार्ड उत्तम आहे, पण सोबतच्या पत्रकाबद्दल माझी गंभीर तक्रार आहे. त्यात ‘संगणक बंद करा’ एवढेच लिहिले आहे आणि ते पुरेसे नाही. संगणक बंद केल्यावरही पॉवर सप्लायकडून बोर्डाला ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा चालूच राहतो, आणि नेटवर्कवरून संगणक जागा करण्याच्या सोयीसाठी स्लॉटमध्येही ३.३ व्होल्ट असू शकतात. म्हणून भिंतीतला प्लग काढावा, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे, बोर्डावर छोटा दिवा असल्यास तो विझल्याची खात्री करावी आणि मगच आत हात घालावा. आपल्या दमट हवेत स्थिर विद्युत सहसा जाणवत नाही, परंतु एसीच्या खोलीत हवा कोरडी असते. तेव्हा कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करून, सोनेरी संपर्कांना बोट न लावता कार्ड कडेने धरावे.

बसवताना लक्ष ठेवायचे ते कार्डाच्या पोर्टाकडील धातूच्या पट्टीच्या खालच्या टोकाकडे. ते बोर्ड आणि कॅबिनेट यांच्यामधल्या फटीत सरळ उतरले नाही, तर वरचा स्क्रू आवळताना कार्डाची मागची बाजू उचलली जाते आणि संपर्क अर्धवट सुटतात. असे कार्ड कधी दिसते, कधी गायब होते आणि दोष उगाच ड्रायव्हरवर (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) जातो. असे एक्स-१ (सर्वात छोट्या स्लॉटचे) कार्ड लांब स्लॉटमध्येही चालते. मात्र ग्राफिक्स कार्डाच्या पंख्याला खेटून लावू नये.

विंडोज १० व ११ हे कार्ड सहसा आपोआप ओळखतात आणि लिनक्समध्ये आर८१६९ हा ड्रायव्हर कर्नेलमध्येच (प्रणालीच्या गाभ्यातच) असतो. पहिल्या पिढीच्या पीसीआय एक्स्प्रेसच्या एका लेनमधूनही (माहितीच्या एका मार्गातूनही) एका दिशेने सेकंदाला २५० मेगाबाइट जाऊ शकतात आणि गिगाबिटला १२५ पुरतात, म्हणून जुन्या बोर्डावरही वेग अडत नाही. तरीही आमच्याकडे जोडणीचा वेग १००० मेगाबिटऐवजी (म्हणजे एका गिगाबिटऐवजी) १०० दिसला. गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात आणि आमच्या प्लगमध्ये तपकिरी जोडीची एक तार नीट दाबली गेली नव्हती; प्लग नव्याने क्रिंप केल्यावर (तारांवर दाबून बसवल्यावर) १००० आला.

राउटरमध्ये एखाद्या संगणकासाठी ठरावीक आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) राखून ठेवला असेल, तर ती नोंद नव्या कार्डाच्या मॅक पत्त्याने (कार्डाच्या स्वतःच्या ओळख-क्रमांकाने) बदलावी लागते, नाहीतर त्या संगणकावरून सामायिक केलेला प्रिंटर इतरांना सापडेनासा होऊ शकतो.