पिस्तूल दुरुस्तीला पाठवायचंय: कंपनी, डीलर की जवळचा गनस्मिथ?

अमेरिकेत राहणाऱ्या ज्या मराठी माणसाकडे स्वतःचं पिस्तूल आहे, त्याला ते बिघडल्यावर पहिला प्रश्न पडतो तो कुरियरचा. पण त्याआधी दोन गोष्टी तपासून घ्याव्यात. पुष्कळांचं काम तिथेच सोपं होतं, आणि काहींचं तिथेच थांबतं.

पहिली गोष्ट, अख्खं पिस्तूल पाठवायलाच हवंय का? फेडरल कायद्याच्या लेखी शस्त्र म्हणजे सिरियल नंबर असलेला मूळ भाग. ग्लॉक कंपनीच्या पिस्तुलात ती खालची फ्रेम. वरची स्लाइड आणि नळी हे निव्वळ सुटे भाग. नवे साइट, म्हणजे नेम धरायच्या खुणा, बसवायचे असतील किंवा स्लाइडवर काही काम करायचं असेल, तर फक्त स्लाइड काढून साध्या टपालाने पाठवता येते. सिग पी३२० मध्ये तर बाहेरची प्लॅस्टिकची मूठही शस्त्र नाही, आतला ट्रिगरच्या यंत्रणेचा छोटा सांगाडा तेवढा शस्त्र. रिव्हॉल्व्हरवाल्यांचं नशीब इतकं चांगलं नाही, कारण त्याची बहुतेक दुखणी फ्रेममध्येच असतात.

दुसरी गोष्ट व्हिसाची, आणि आपल्या लोकांत ती हमखास राहून जाते. एच-वन बी, एल-वन, एफ-वन अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला फेडरल कायद्याने शस्त्र बाळगायलाच मनाई आहे. अपवाद मोजके आहेत, त्यातला नेहमी ऐकू येणारा म्हणजे वैध शिकारीचा परवाना. ग्रीन कार्डवाल्याला ही अडचण नाही. दुरुस्तीची सवलत ज्याला शस्त्र बाळगण्याचा हक्क आहे त्यालाच मिळते, त्यामुळे इथे शंका असेल तर आधी वकील, मग गनस्मिथ.

कायदा काय म्हणतो? भारतात वाढलेल्या माणसाला इथली रचना थोडी उलटी वाटते. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यात बाळगणाऱ्यालाही परवाना लागतो आणि दुरुस्ती करणाऱ्यालाही. इथे फेडरल पातळीवर परवाना लागतो तो धंदा करणाऱ्याला, त्यालाच सगळे एफएफएल (फेडरल फायरआर्म्स लायसन्स) म्हणतात. मालकाला काय लागतं ते राज्य ठरवतं. १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टप्रमाणे साध्या नागरिकाला आपलं पिस्तूल दुसऱ्या राज्यातल्या परवानाधारक डीलरकडे, गनस्मिथकडे किंवा कंपनीकडे दुरुस्तीसाठी थेट पाठवता येतं. दुरुस्त झालेलं पिस्तूल, किंवा त्याच्या बदल्यात त्याच प्रकारचं दुसरं, ते थेट त्याच्या घरी परत पाठवू शकतात. ज्याने दिलं त्यालाच परत मिळत असेल तर खरेदीच्या वेळी भरतो तो ४४७३ फॉर्मही लागत नाही. तुमच्याऐवजी भाऊ दुकानात घ्यायला गेला, तर मात्र तो नवा व्यवहार धरला जातो आणि फॉर्म त्याला भरावा लागतो.

इतका मोकळा कायदा असूनही लोक अडतात ते कुरियरच्या काउंटरवर.

यूपीएस आणि फेडएक्स या खासगी कंपन्या. कायद्याने मुभा दिली तरी पार्सल घ्यायचं की नाही हे त्या ठरवतात. दोघींनीही नियम आवळत आणले आहेत: पाठवणारा स्वतः परवानाधारक हवा आणि त्याचा कंपनीशी शस्त्रांच्या वाहतुकीचा करार हवा. म्हणजे जुन्या सल्ल्यांमध्ये सापडणारं ‘पॅक करा, यूपीएसच्या सेंटरवर जा, आत काय आहे ते सांगा’ हे आज बहुधा नकारावर संपतं. न सांगता पाठवण्याचा विचारही मनात आणू नये. पार्सल हरवलं तर विमा मिळणार नाहीच, वर तुम्ही करार मोडलेला असेल.

टपालाचं दार तर १९२७ पासून बंद. अंगावर लपवता येतील अशी शस्त्रं टपालाने पाठवायला अमेरिकी काँग्रेसने त्या साली मनाई केली. रायफल आणि शॉटगनला हा नियम नाही, म्हणून शेजाऱ्याने शॉटगन पोस्टाने पाठवली हे ऐकून फसू नका. या कायद्याला न्यायालयात आव्हानं दिली गेली आहेत, तेव्हा पोस्टाचा ताजा नियम बघून घ्यावा. पण स्पष्ट होकार दिसेपर्यंत हा रस्ता नाहीच असं धरून चालावं.

उरले तीन रस्ते, आणि खरी निवड यांच्यातच आहे.

पिस्तूल चालू उत्पादनातलं असेल आणि दोष कारखान्याचा वाटत असेल, तर डोळे झाकून कंपनी. ग्राहकसेवेला फोन केला की सिरियल नंबर आणि तक्रार विचारतात, आणि बऱ्याच कंपन्या आपल्याच खात्यावरचं कुरियरचं लेबल ईमेलने धाडतात. काउंटरवरचा सगळा घोळ इथे टळतो, कारण खातं आणि करार दोन्ही कंपनीचे असतात. २०१७ च्या ऑगस्टमध्ये पी३२० पडल्यावर आपोआप उडत असल्याच्या तक्रारी आल्या. तेव्हा सिग सॉअरने ऐच्छिक सुधारणेची मोहीम काढली, मालकांकडून पिस्तुलं स्वखर्चाने मागवली आणि ट्रिगरचे भाग बदलून परत केली. या रस्त्याचा तोटा म्हणजे वाट बघणं. आणि तुम्ही हौसेने बाहेरचा ट्रिगर बसवला असेल, तर कंपनी तो काढून मूळचा बसवून परत पाठवण्याची शक्यता असते. पाठवण्याआधी मूळ भाग परत लावलेले बरे.

कंपनी लेबल देत नसेल, किंवा काम लांबच्या राज्यातल्या एखाद्या नावाजलेल्या गनस्मिथकडूनच करून घ्यायचं असेल, तर आपल्या गावच्या डीलरमार्फत पाठवा. डीलर आपल्या वहीत नोंद करतो आणि पाठवतो. टपालाची बंदी परवानाधारक डीलरला लागू नाही, तो १५०८ नंबरचा फॉर्म भरून दुसऱ्या डीलरकडे किंवा कंपनीकडे पिस्तूल पोस्टानेही पाठवू शकतो. डीलर फी घेतो, दोन्ही वेळच्या वाहतुकीचा खर्च तुमचा, तरीही जबाबदारी त्याच्या डोक्यावर जाते ही मोठी सोय. गनस्मिथचा परवाना खरा आहे का हे एटीएफ या शस्त्रांवर देखरेख करणाऱ्या फेडरल खात्याच्या ‘ईझी चेक’ या वेबपानावर परवान्याचे पहिले तीन आणि शेवटचे पाच आकडे टाकून बघता येतं.

जुनं, उत्पादन बंद झालेलं रिव्हॉल्व्हर असेल तर मी सरळ गाडी काढून जवळच्या गनस्मिथकडे जाईन. समोरासमोर दोष दाखवता येतो, पार्सल हरवण्याची भीती नाही. तुम्ही थांबलात आणि काम त्याच दिवशी आटोपलं, तर त्याला वहीत नोंदही करावी लागत नाही. फक्त वाटेवरचे नियम राज्याचे. एडिसन आणि आसपास आपली वस्ती मोठी, म्हणून न्यू जर्सीचं सांगतो: घरापासून दुरुस्तीच्या ठिकाणापर्यंत नेण्याची मुभा कायद्यातच आहे, पण पिस्तूल रिकामं, बंद आणि पक्क्या पेटीत किंवा कुलूपबंद ट्रंकमध्ये हवं, आणि वाटेत गरजेपलीकडे वळणं नकोत. म्हणजे परतताना पटेल ब्रदर्समध्ये किराणा भरायला थांबू नका. कॅलिफोर्नियात पेटीला कुलूप हवं, ग्लव्ह बॉक्स चालत नाही.

पाठवायचंच ठरलं तर बांधणीत घाई नको. मॅगझिन काढा, चेंबरमध्ये डोळ्याने पाहा आणि बोट घालूनही चाचपा, नळीतून प्लॅस्टिकची केबल टाय ओवा. गोळ्या त्या पेटीत एकही नको. गोळी नीट आत जात नाही अशी तक्रार असेल तरच मॅगझिन सोबत द्या, पण दहा गोळ्यांची मर्यादा असलेल्या राज्यांत मोठी मॅगझिन पाठवणं अंगाशी येईल. सिरियल नंबरचा फोटो काढून ठेवा. आत चिठ्ठी घाला: नाव, फोन, नेमकं काय होतं, कोणत्या गोळ्यांवर होतं. ‘नीट चालत नाही’ एवढंच लिहिलं तर ते तसंच परत येण्याची शक्यता जास्त. पेटीवर बाहेरून बंदुकीचा मागमूस नको, ब्रँडचं नावही नको.

परत येताना दोन गोष्टींचं भान ठेवा. कंपनीने जुनं न दुरुस्त करता नवं दिलं तर सिरियल नंबर बदलतो. फेडरल कायद्याला चालतं, पण न्यूयॉर्कसारख्या राज्यात परवान्यावर प्रत्येक पिस्तुलाची नोंद असते, ती बदलून घ्यावी लागते. काही राज्यांत ते डीलरमार्फतच घ्यावं लागतं. आणि पार्सल घेताना प्रौढ माणसाची सही लागते, तेव्हा तुम्ही ऑफिसात आणि घरी एच-फोर वरची बायको अशी वेळ येऊ देऊ नका, कारण एच-फोर हाही नॉन-इमिग्रंट व्हिसाच. त्या दिवशी घरून काम करा.