अ‍ॅक्सोलॉटलच्या टँकमध्ये खरी झाडं: आठ महिन्यांनी काय टिकलं, काय कुजलं

आठ महिने झाले आमच्या बबड्याच्या, म्हणजे अ‍ॅक्सोलॉटलच्या (जन्मभर पाण्यातच राहणारा, कल्ले बाहेर असलेला उभयचर) टँकमध्ये खरी झाडं लावून, आता लिहायला हरकत नाही, कारण पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक निघालं असतं आणि तिसऱ्या महिन्यात नुसत्या शिव्या.

मुख्य गोची अशी की अ‍ॅक्सोलॉटलला पाणी लागतं १६ ते १८ डिग्री आणि उजेड बेताचाच, कारण डोळ्यांना पापण्याच नाहीत, आणि फोटोत जी लालभडक झाडं बघून आपण भुलतो त्यांना नेमका झगझगीत लाइट हवा, शिवाय कोमट पाणी आणि सीओटू (पाण्यात वेगळा सोडायचा कार्बन डायऑक्साइड). तरी मी दोन लाल आणलीच. कुजली, विषय संपला.

मग व्हॅलिस्नेरिया, गवतासारख्या लांब पात्यांचं. ते थंडीत तगतं हे खरं, पण आमच्या बबड्यापुढे नाही. मुद्दाम नाही करत तो, रात्री तळावरून पाय रोवत चालतो आणि अन्न दिसलं की सगळा जोर लावून तोंडाने ओढतो, त्यात आजूबाजूचं पण येतं. सकाळी बघावं तर पात्यांच्या जुड्या वर तरंगतायत! तीनदा लावलं, चौथ्यांदा मुळांभोवती गोटे रचले, चांगले त्याच्या डोक्याहून मोठे, तेव्हा कुठे टिकलं. बारीक खडी मात्र चुकूनही नको, गिळली की पोटात अडकते आणि जीवावर बेततं. मी एकदम बारीक वाळू वापरतो.

खरी पैसा वसूल झाडं म्हणजे अनुबियास आणि जावा फर्न. कमी उजेड चालतो, पानं जाड, आणि माती-वाळू काहीच लागत नाही. पण मी शहाण्याने पहिलं अनुबियास कुंडीतल्या रोपासारखं वाळूत पुरलं. तीन आठवड्यांत पानं सुटी होऊन वर आली, उकरलं तर आडवं खोड काळं, बोटाने दाबलं की लगदा, आणि वास असा की खिडकी उघडावी लागली. दुसरं सुती दोऱ्याने दगडाला बांधलं. साधारण तीन महिन्यांत मुळांनी दगड असा धरला की दोरा कापून टाकला. वाढ कासवाची, महिन्याला एखादं पान, पण आता बबड्याने अंग घासलं तरी हलत नाही.

हॉर्नवर्टबद्दल (सुयांसारख्या पानांचं, मुळांशिवाय तरंगणारं झाड) माझं अजून ठरत नाहीये. वाढतं भसाभस, माझा नायट्रेट (विष्ठा आणि उरलेल्या अन्नातून पाण्यात साचतो तो, कमी तितका बरा) आठवड्याअखेर ४० च्या आसपास जायचा तो आता २० च्या आत असतो (पाणी दर आठवड्याला बदलतोच, झाडं लावली म्हणून ते सुटत नाही), पण सुया इतक्या झडतात की फिल्टरचा स्पंज तुंबतो आणि एकदा तर बबड्याच्या कल्ल्यांच्या झुपक्यात अडकलेल्या दिसल्या.

अजून एक, झाडांबरोबर बारक्या गोगलगायी फुकट येतात. त्यांना मारायची औषधं टँकमध्ये ओतू नका, बऱ्याच औषधांत तांबं असतं आणि ते बबड्यासारख्याला विषच. झाडांचं खत घेतानाही लेबल वाचा. मी नवीन झाड आधी महिनाभर वेगळ्या बादलीत ठेवतो आणि दिसेल ती गोगलगाय हाताने काढतो, कंटाळवाणं आहे पण इलाज नाही.

सध्या हॉर्नवर्ट निम्मं काढलंय, उरलेलं वर तरंगत सोडलंय सावलीपुरतं. आधी बबड्या दिवसभर पाइपात दडून बसायचा, आता भर दुपारी त्या सावलीत अनुबियासच्या पानावर हनुवटी टेकून पडलेला असतो.