नोकरी सांभाळून ऑनलाइन मास्टर्स: आधी वेळापत्रक बघा, मग विद्यापीठाचं नाव

ऑनलाइन मास्टर्स करायचं ठरलं की बहुतेक जण क्रमवारी उघडून बसतात. मग फी, मग विषय, आणि सगळ्यात शेवटी, फॉर्म भरायच्या रात्री, वेळापत्रकाकडे नजर जाते. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. नोकरी करणाऱ्या माणसाला विषय जड जातो म्हणून पदवी सोडावी लागते, असं फार कमी वेळा होतं. ऑफिसात एखादा आठवडा अंगावर येतो, दोन असाइनमेंट राहतात आणि मागे पडलेलं भरून काढायची सोयच नसते. गाडी तिथे अडते. त्यामुळे प्रत्येक कार्यक्रमाला पहिला प्रश्न हा विचारावा: माझा वर्षातला सगळ्यात वाईट आठवडा तुमच्याकडे कसा निभेल?

तासांचा हिशोब

क्रेडिट म्हणजे शेवटी तास. अमेरिकी पद्धतीत एका क्रेडिटला आठवड्याला एक तास वर्ग आणि किमान दोन तास स्वतःचा अभ्यास, असे साधारण 15 आठवडे धरतात. म्हणजे 45 तास. मास्टर्सला बहुधा 30 किंवा जास्त क्रेडिट लागतात, म्हणजे कमीत कमी 1350 तास. ब्रिटनमध्ये मास्टर्स 180 क्रेडिटची आणि क्रेडिटला 10 तास, म्हणून 1800. युरोपातल्या ईसीटीएस पद्धतीत एका क्रेडिटला 25 ते 30 तास धरतात, त्यामुळे 90 क्रेडिटचा अभ्यासक्रमही किमान 2250 तासांचा होतो.

1800 तास दोन वर्षांत बसवायचे तर एकही आठवडा न चुकवता दर आठवड्याला सतरा-अठरा तास हवेत. रोज संध्याकाळी दोन आणि शनिवार-रविवार मिळून सात-आठ. तेच तीन वर्षांत पसरले तर साडेअकरा. ‘आठवड्याला फक्त आठ ते दहा तास’ असं माहितीपत्रकात दिसलं, तर तो आकडा एका विषयाचा आहे की पूर्ण सेमिस्टरचा, हे विचारून घ्या. बहुतेकदा तो एका विषयाचा निघतो, आणि दोन वर्षांत संपवायचं तर दोन-दोन विषय एकदम घ्यावे लागतात.

ठरलेल्या वेळेचा लाइव्ह वर्ग

वेळापत्रकाच्या दृष्टीने हे कार्यक्रम ढोबळमानाने तीन प्रकारचे. पहिल्या प्रकारात व्हिडिओ आपल्या सोयीने बघायचे, पण आठवड्यातून ठरावीक वेळी छोट्या वर्गात कॅमेरा सुरू करून बसायचं. अमेरिकेतल्या यूसी बर्कली विद्यापीठाचा डेटा सायन्सचा ऑनलाइन मास्टर्स 2014 पासून असाच चालतो. कित्येक एमबीए आणि शिक्षणशास्त्राचे कार्यक्रम याच साच्यातले आहेत.

इथे शिकवणारा तुम्हाला नावाने ओळखतो. पुढे शिफारसपत्र लागलं तर ते लिहिणाऱ्याला तुमचा चेहरा आठवतो. सोबतचे लोक वेगवेगळ्या कंपन्यांत मधल्या फळीवर असतात, आणि व्यवस्थापनासारख्या विषयात निम्मं शिक्षण त्यांच्याकडूनच होतं. शिवाय गुरुवारी रात्री पंधरा जणांसमोर बसायचं आहे म्हटल्यावर बुधवारी वाचन उरकतंच.

पण वाईट आठवड्यात हाच साचा सगळ्यात कठोर ठरतो. हजेरीला गुण असतात, गटप्रकल्पात तुमच्यामुळे तिघं खोळंबतात, आणि बॅच एकत्र पुढे सरकत असेल तर एक विषय राहिला म्हणजे पुढच्या बॅचची वाट बघणं आलं. विद्यापीठ दुसऱ्या देशात असेल तर आणखी एक बारीक भानगड आहे. तिथे उन्हाळी वेळ पाळत असतील (म्हणजे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करत असतील) आणि तुमच्याकडे नसतील, तर वर्ग वर्षातून दोनदा एका तासाने सरकतो. रात्री साडेनऊला जमणारा वर्ग साडेदहावर गेला की घरात सगळे झोपलेले असतात आणि तुम्ही हळू आवाजात केस स्टडी मांडत असता. हे वर्षभराचं वेळापत्रक तुमच्या घड्याळात मांडून बघितल्याशिवाय कळत नाही.

फिरतीची नोकरी, शिफ्ट, रात्री-अपरात्री येणारे कॉल असतील तर मी हा प्रकार सुचवणार नाही, मग विद्यापीठ कुठलंही असो.

सेमिस्टर आहे, लाइव्ह वर्ग नाही

दुसऱ्या प्रकारात लेक्चर रेकॉर्ड केलेली असतात, पण सेमिस्टरच्या तारखा, असाइनमेंटची मुदत आणि परीक्षा पक्क्या. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाचा कॉम्प्युटर सायन्सचा ऑनलाइन मास्टर्स याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण. 2014 मध्ये युडॅसिटी ही ऑनलाइन शिक्षण कंपनी आणि एटी अँड टी ही दूरसंचार कंपनी यांच्या साथीने तो सुरू झाला, आणि फी कॅम्पसच्या तुलनेत इतकी कमी ठेवली की बाकी विद्यापीठांनाही आपला हिशोब मांडावा लागला. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याच्या अर्जदारांकडे पाहिलं गेलं. कॅम्पसवरच्या मास्टर्सला अर्ज करणारा साधारण चोविशीतला, तर ऑनलाइनला अर्ज करणारा चौतिशीतला, नोकरीत मुरलेला. ऑनलाइनवाल्यांतल्या बहुतेकांनी ही सोय नसती तर पुन्हा शिकायला सुरुवातच केली नसती, असाही निष्कर्ष निघाला. म्हणजे हा साचा तुमच्या-माझ्यासारख्यांच्याच वाट्याचा आहे.

तरी तो सोपा आहे असं कुणी समजू नये. तिथे दहा विषय पूर्ण करावे लागतात आणि पहिल्या बारा महिन्यांत दोन पायाभूत विषयांत किमान ‘बी’ श्रेणी मिळवावी लागते. प्रवेशाचं दार मोठं, पण आत गेल्यावर चाळणी आहे. वर्गात शेकडो विद्यार्थी असतात. पेपर बहुतेक सहायक तपासतात आणि प्राध्यापकाशी बोलणं होतं ते चर्चेच्या फलकावर, तेही इतरांच्या गर्दीत.

वाईट आठवडा इथे बऱ्यापैकी निभतो, कारण मुदत माहीत असते आणि काम आधी उरकून ठेवता येतं. तिमाही ताळेबंदाचं काम असलेल्या माणसाला तिमाहीअखेर कधी येणार हे वर्षभर आधी ठाऊक असतं. त्याने सेमिस्टरच्या पहिल्याच दिवशी दोन्ही कॅलेंडरं शेजारी ठेवावीत. मुदत कुठल्या घड्याळाप्रमाणे आहे तेही बघावं. काही अभ्यासक्रमांत ‘पृथ्वीवर कुठेही’ ही वेळ चालते, म्हणजे जगात सर्वांत मागे असलेल्या वेळपट्ट्यात तो दिवस संपेपर्यंत काम देता येतं. रविवारची मुदत मग कित्येकांसाठी सोमवारी दुपार-संध्याकाळपर्यंत लांबते. दमलेल्या माणसाला ते काही तास फार मोलाचे असतात.

अजून एक ओळ शोधा: विषय सोडायची शेवटची तारीख. त्या तारखेपर्यंत सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे अधिकृत गुणपत्रिकेवर, शेरा येतो, पण सरासरीला सहसा धक्का लागत नाही. त्यानंतर सोडलात तर बहुधा नापास.

एकेक क्रेडिटने चढत जाणं

तिसरा प्रकार सगळ्यात नवा आणि जाहिरातीत सगळ्यात आकर्षक. कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठाचे कोर्सेरा या ऑनलाइन कोर्सच्या प्लॅटफॉर्मवरचे काही मास्टर्स असे आहेत. जुन्या गुणपत्रिका मागत नाहीत, ठरवून दिलेले सुरुवातीचे विषय पैसे भरून करायचे आणि त्यांत सरासरी ‘बी’ टिकवली की प्रवेश पक्का. विषय एकेका क्रेडिटचे, फी घेतलेल्या विषयापुरती. पदवीचे गुण बेताचे होते म्हणून दारातूनच परत फिरलेल्यांसाठी याहून चांगली सोय माझ्या पाहण्यात नाही.

याच कुळातले आणखी काही आहेत. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत 60 क्रेडिटवर पदव्युत्तर सर्टिफिकेट, 120 वर डिप्लोमा आणि 180 वर मास्टर्स, अशा पायऱ्या बऱ्याच विषयांत आहेत. मधे थांबावं लागलं तरी हातात काहीतरी राहतं. एमआयटीने 2016 मध्ये सुरू केलेलं मायक्रोमास्टर्स म्हणजे मास्टर्सच्या पातळीच्या काही ऑनलाइन विषयांचा संच. ही पदवी नव्हे, पण ते पूर्ण केलेल्यांना काही विद्यापीठं मास्टर्समध्ये क्रेडिटची सूट देतात. मात्र तिथे प्रवेश वेगळा मागावा लागतो आणि तो मिळेलच असं नाही. अमेरिकेतल्या वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटीचा हिशोब अगदीच निराळा: सहा महिन्यांची एकच ठोक फी, त्यात जमतील तितके विषय संपवा. विषयाचा अनुभव आधीपासून असेल आणि हातात मोकळे सहा महिने असतील तर हा सौदा फायद्याचा. हळूहळू करणाऱ्याला महाग.

वाईट आठवडा या साच्यात जाणवतच नाही, आणि माझा आक्षेप नेमका त्यालाच आहे. एक आठवडा गेला तरी कुणी विचारत नाही, महिना गेला तरी नाही. ज्याने गेल्या वर्षात स्वतःहून एखादा ऑनलाइन कोर्स शेवटच्या परीक्षेपर्यंत नेला आहे, त्यानेच हा मार्ग धरावा. नेला नसेल तर पदवीची नोंदणी करायच्या आधी एक कोर्स पूर्ण करून बघा. त्याला लागलेले आठवडे मोजले की पुढचा अंदाज आपोआप येतो.

मान्यता, आणि फोन करणारी माणसं

मान्यतेची खात्री विद्यापीठाच्या पानावरच्या चिन्हांवरून करू नका. ज्या देशात पदवी दाखवायची आहे तिथल्या नियामकाची यादी उघडा. एखादी पदवी जिथे मिळाली तिथे शंभर टक्के वैध असते आणि दुसऱ्या देशात सरकारी नोकरी किंवा पीएचडीच्या वेळी ‘ऑनलाइन’ म्हणून अडते. व्यवस्थापनाच्या पदवीसाठी एएसीएसबी, एक्विस, अँबा या बिझनेस स्कूलच्या आंतरराष्ट्रीय मान्यतांची नावं बघतात, पण एएसीएसबीचं सदस्य असणं वेगळं आणि तिची मान्यता असणं वेगळं. नर्सिंग, समुपदेशन, शिक्षकी अशा परवान्याच्या पेशांत प्रत्यक्ष प्रशिक्षणाचे तास लागतात. ते तुमच्या गावात पूर्ण करता येतील का, हे आधी विचारा.

चौकशीचा फॉर्म भरला की तासाभरात ज्या गोड आवाजाच्या समुपदेशकाचा फोन येतो, तो पुष्कळदा विद्यापीठाचा नोकर नसतो. कार्यक्रम चालवणाऱ्या कंपनीचा असतो, आणि अशा कित्येक करारांत कंपनीला फीमधला वाटा मिळतो. त्याची माहिती खोटीच असते असं नाही, पण ‘या बॅचच्या शेवटच्या जागा’ या वाक्यावर निर्णय घेऊ नये. या कंपन्यांचंही स्थैर्य गृहीत धरता येत नाही. टूयू या मोठ्या कंपनीने 2021 मध्ये हार्वर्ड आणि एमआयटीकडून एडएक्स हा ऑनलाइन कोर्सचा प्लॅटफॉर्म 80 कोटी डॉलरला घेतला आणि 2024 मध्ये दिवाळखोरी संरक्षणाचा अर्ज केला. पदवी विद्यापीठच देतं, त्यामुळे अशा वेळी ती लगेच धोक्यात येत नाही. पण तीन वर्षांच्या शिक्षणात मधेच प्लॅटफॉर्म आणि मदतकक्ष बदलला तर डोकेदुखी तुमचीच.

कंपनी फी भरणार असेल तर किती काळ नोकरी सोडता येणार नाही आणि कोणत्या श्रेणीखाली परतावा बंद होतो, हे वाचून सही करा. असा करार हातात असेल तर मी दुसरा साचा निवडेन. विषयागणिक श्रेणी आणि पावती दोन्ही वेळेवर मिळतात आणि एचआरला तेच हवं असतं. पेशा बदलायचा असेल, ओळखी हव्या असतील आणि संध्याकाळ खरोखर स्वतःची असेल, तर पहिल्या साच्याला जास्तीची फी देणं मला पटतं. तिसरा साचा जुने गुण आड येणाऱ्यांचा, किंवा घरात लहान मूल, आजारी माणूस असल्यामुळे पुढच्या महिन्याचाही भरवसा नसणाऱ्यांचा.

यादी दोन-तीनवर आली की प्रत्येक विद्यापीठाच्या कार्यालयाला, समुपदेशकाला नव्हे, ईमेल करून तीन गोष्टी मागा: सगळ्यात अवघड विषयाचा पूर्ण सिलॅबस, उशिरा दिलेल्या कामाचा नियम, आणि एक सेमिस्टर सुट्टी घेतली तर फी व मुदतीचं काय होतं याचं लेखी उत्तर. उत्तर यायला किती दिवस लागले तेही टिपून ठेवा. प्रवेशानंतर अडचण आली की दाद याच कार्यालयाकडे मागायची आहे.