पंधरा दिवसांची वजाबाकी

माझी एकतीस वर्षांची नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवण्यात गेली, आणि तरीही ज्या फसवणुकीत माझे २ लाख ८१ हजार रुपये बुडाले, ती ओळखायला पाचवीतल्या मुलाला येणारी तारखांची वजाबाकी पुरेशी होती. ही गोष्ट सांगताना आजही संकोच वाटतो. परंतु आमच्या भागातली पुष्कळ मुले-मुली आता परदेशी स्थायिक झाली आहेत, त्यांच्याकडे जाणारे आईवडीलही वाढले आहेत, आणि घरातला मुका जीव सोबत नेण्याचा विचार करणारा मी काही एकटा नसेन, म्हणून जे घडले ते रकमा आणि तारखांसह लिहीत आहे.

वरूड तालुक्यातल्या आमच्या गावी २०२२ च्या तान्ह्या पोळ्याला, लहान पोरे लाकडी नंदी घेऊन घरोघर बोजारा मागत फिरत असताना, संत्र्याच्या बागेतल्या पडक्या विहिरीतून कुत्र्याच्या पिल्लाचे केकाटणे ऐकू आले. सुटीवर आलेल्या माझ्या मुलीने दोराला घमेले बांधून खाली सोडले आणि ते पिल्लू वर काढले. सणावरून तिचे नाव तान्ही पडले. मुलगी जर्मनीला परतली खरी, पण व्हिडिओ कॉलवर आमच्या आधी तान्हीची चौकशी व्हायची. पुढे लाइपझिगची नोकरी सोडून तिने हॅम्बर्गची धरली, तेव्हा ठरले असे की एप्रिल-मे २०२४ मध्ये तिने गावी यावे आणि २० मे रोजी परतताना आम्हा दोघांना व तान्हीलाही सोबत न्यावे. अडचण एवढीच होती की हॅम्बर्गचे नवे घर १५ जूनला ताब्यात मिळणार होते. मधल्या पंचवीस रात्रींसाठी कुत्रा चालेल असे सुटीचे घर भाड्याने घ्यायचे होते, आणि व्हिसाच्या अर्जासोबत राहण्याच्या ठिकाणाचा पुरावा जोडायचा असल्याने घाई होती.

तान्हीच्या कागदपत्रांसाठी मी मोबाइलवरच्या एका जाहिरातीतून एजंट गाठला. तो मुंबईत कार्यालय असल्याचे सांगत असे. वाचवलेल्या गावठी कुत्र्यांना आपण परदेशी 'घर मिळवून देतो' असे त्याचे शब्द होते आणि पिंजऱ्यात बसलेल्या कुत्र्यांचे दहा-बारा फोटो त्याने पाठवले होते. त्या फोटोंनी मी निम्मा विरघळलो. १८ जानेवारी २०२४ रोजी तो एका सहकाऱ्यासह चारचाकीने गावात आला, तान्हीच्या मानेत त्याने एक जाड सुई टोचून 'चिप बसली' (म्हणजे कातडीखाली बसवायची, जनावराचा ओळख क्रमांक असलेली बारीक वस्तू) असे सांगितले, लगेच रेबीजची लस दिली आणि त्याच बैठकीत पायातून रक्तही काढून घेतले. माझी पत्नी चहा घेऊन आली होती. तिने तिथेच विचारले, "अवो, आजच लस देल्ली अन् आजच रक्त काढलं, तं मंग त्या रक्तात काय दिसन?" पाहुण्यासमोर असे विचारणे मला बरे वाटले नाही, म्हणून मी तिला गप्प केले. एजंट हसून म्हणाला, "सर, तुम्ही तिकिटाचं पाहा, कागदाचं माझ्यावर सोडा." मी सोडले. ४०, ५० आणि ४५ हजार अशा तीन हप्त्यांत त्याला १ लाख ३५ हजार रुपये दिले, आणि तेही एका व्यक्तीच्या बचत खात्यावर, कारण त्याच्या कथित कंपनीचे खाते म्हणे 'ऑडिटमध्ये' अडकलेले होते.

घराचा विषय त्यानेच काढला. फेब्रुवारीत त्याने हॅम्बर्गमधल्या एका सदनिकेचे फोटो पाठवले आणि सांगितले की घरमालकीण श्वानप्रेमी आहे, याआधीचे आमचे दोन ग्राहक तिथेच उतरले होते. त्या बाई माझ्याशी व्हॉट्सअ‍ॅपवर इंग्रजीतून बोलू लागल्या. तान्हीला विहिरीतून काढल्याची हकीगत त्यांनी दोनदा विचारून घेतली आणि वाचवलेल्या कुत्र्यासाठी आपण अनामत घेत नाही, असे कळवले. घराची जाहिरात एका संकेतस्थळावर होती, मात्र तिथून पैसे भरल्यास कमिशन जाईल, थेट बँकेत भरल्यास रात्रीचे ६५ युरो पडतील, असा त्यांचा प्रस्ताव होता. पंचवीस रात्रींचे १,६२५ युरो झाले, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १ लाख ४६ हजार रुपये. संकेतस्थळावरून पैसे भरले असते तर ती रक्कम भाडेकरू घरात शिरेपर्यंत मालकाच्या हाती पडली नसती. त्या कमिशनमध्ये आपण नेमके हेच संरक्षण विकत घेत असतो, हे मला नंतर समजले.

तालुक्याच्या शाखेतून परदेशी पैसे पाठवण्याची सोय नव्हती, म्हणून मी अमरावतीला गेलो. तिथला तरुण कर्मचारी अर्ज भरून घेताना थांबला. घर जर्मनीत, मग खाते लिथुआनियातले कसे, असे त्याने विचारले. युरोपातल्या खाते क्रमांकाची पहिली दोन अक्षरे देशाची असतात. जर्मन क्रमांक डीईने सुरू होतो आणि एकूण बावीस अक्षर-अंकांचा असतो, माझ्याजवळचा एलटीने सुरू होत होता. इंटरनेटवरच्या बँकांमुळे अशी खाती प्रामाणिक माणसांचीही असू शकतात, पण विचारून घ्या, असा त्याचा सल्ला होता. मी त्याला ऐटीत सांगितले की युरोप आता एकच आहे. गुरुजी लोकांना आपल्याला ठाऊक नसलेल्या विषयावरही उत्तर देण्याची सवय असते, ती तिथे नडली.

एप्रिलच्या मध्यात एजंटाने जाड फाइल आणि पिंजरा घरपोच दिला. फाइलमध्ये चिपचा क्रमांक, लसीकरणाचे पुस्तक, परदेशी प्रयोगशाळेचा रक्ततपासणी अहवाल आणि केंद्र सरकारच्या पशु संगरोध (क्वारंटाइन) विभागाच्या नावाचे, १२ एप्रिल तारखेचे आरोग्य प्रमाणपत्र असे सगळे रंगीत शिक्क्यांसह होते. आम्ही ती फाइल देवघरातल्या कपाटात ठेवली. उघडून वाचली मात्र नाही.

तान्हीला गोचिडांमुळे ताप आला नसता, तर आम्ही तसेच विमानतळावर गेलो असतो. २७ एप्रिलला मी आणि मुलगी तिला नागपूरच्या एका पशुवैद्यांकडे घेऊन गेलो. त्यांच्याकडे चिप वाचायचे यंत्र होते आणि मुलीने सहज म्हटले की एकदा क्रमांक पडताळून पाहू. डॉक्टरांनी ते यंत्र मानेवरून फिरवले, मग खांद्यांवरून, मग दोन्ही कुशींवरून, कारण चिप कातडीखाली सरकलेली असू शकते. यंत्र मुकेच राहिले. तान्हीच्या अंगात चिप नव्हतीच.

मग त्यांनी फाइल मागितली. लसीच्या तारखेवर एक बोट आणि रक्ताच्या नमुन्याच्या तारखेवर दुसरे बोट ठेवून त्यांनी मला शांतपणे विचारले, "सर, यांच्यात अंतर किती?" लस १८ जानेवारी, नमुना २ फेब्रुवारी. पंधरा दिवस. २ फेब्रुवारीला तर आमच्या घरी कोणी आलेलेही नव्हते, आणि हे मला कोणी सांगण्याची गरज नव्हती.

त्यांनी जे समजावले ते इथे विस्ताराने देतो. युरोपीय संघाने रेबीजच्या दृष्टीने सवलत दिलेल्या देशांच्या यादीत भारत नाही, त्यामुळे इथून जाणाऱ्या कुत्र्याला एक ठरलेला क्रम पाळावा लागतो आणि त्यातली कोणतीही पायरी पुढेमागे झाली की सगळेच बाद ठरते. आधी पंधरा अंकी आंतरराष्ट्रीय प्रमाणाची चिप बसवायची. रेबीजची लस चिपसोबत किंवा तिच्यानंतरच द्यायची. आधीची लस खरी असली तरी मोजली जात नाही, कारण ती याच जनावराला दिली गेली हे सिद्ध होत नाही. लसीनंतर किमान तीस दिवसांनी रक्त घ्यायचे आणि ते युरोपीय संघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेतच तपासायचे. लसीमुळे रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांचे (अँटिबॉडींचे) प्रमाण प्रति मिलिलिटर ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा अधिक आले पाहिजे. त्यानंतरही रक्त घेतल्याच्या दिवसापासून पूर्ण तीन महिने थांबावे लागते. हा काळ अहवालाच्या तारखेपासून मोजत नाहीत. सरकारी पशुवैद्याचे युरोपीय नमुन्यातले आरोग्य प्रमाणपत्र तर युरोपात पोहोचण्याआधीच्या दहा दिवसांतलेच लागते, म्हणजे २० मेच्या प्रवासासाठी १२ एप्रिलचा कागद अस्सल असता तरी निरुपयोगी होता. आमच्या पत्नीने चहाचे कप हातात धरून विचारलेला प्रश्न या सगळ्या नियमांचे सार होता.

मला सर्वांत जास्त चटका लावणारी गोष्ट वेगळीच आहे. १८ जानेवारीला खरी चिप बसवून खरी लस दिली असती आणि १७ फेब्रुवारीला रक्त घेतले असते, तर तीन महिने १७ मे रोजी पुरे झाले असते आणि २० मेचे विमान नियमाने मिळाले असते. म्हणजे त्या माणसाजवळ प्रामाणिकपणे काम करण्यापुरता वेळ होता. त्याने तोही घेतला नाही.

हेच कागद घेऊन फ्रँकफर्टला उतरलो असतो तर काय झाले असते, हे मी डॉक्टरांना विचारले. नियमात न बसणारे जनावर आल्या देशी परत पाठवणे किंवा मालकाच्या खर्चाने वेगळे कोंडून ठेवणे, आणि दोन्ही शक्य नसल्यास शेवटचा उपाय म्हणून त्याला मारणे, असे अधिकार तिथल्या यंत्रणेला आहेत. परतीच्या गाडीत आम्ही कोणी बोललो नाही.

घराचा उलगडा त्याच रात्री झाला. मुलीने सदनिकेचे फोटो इंटरनेटवर टाकून ते आणखी कुठे दिसतात हे शोधून पाहिले, तेव्हा तीच खोली, तोच पिवळा सोफा आणि तीच खिडकी दुसऱ्या एका देशातल्या जाहिरातीत दुसऱ्याच मालकाच्या नावाने निघाली. हॅम्बर्गमध्ये राहणाऱ्या तिच्या मैत्रिणीने पत्त्यावर जाऊन पाहिले. त्या रस्त्यावरची घरे ४० क्रमांकाला संपत होती आणि आमचा पत्ता ५८ होता. शिवाय हॅम्बर्गमध्ये खासगी घर सुटीसाठी भाड्याने देणाऱ्याला महापालिकेकडून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि २०१९ पासून तो जाहिरातीत छापणे बंधनकारक आहे. आमच्या जाहिरातीत तो नव्हता. मुलगी जर्मनीत राहत असूनही तिला हा नियम माहीत नव्हता, कारण आपण राहतो त्या देशात सुटीचे घर घेण्याची वेळ सहसा येत नाही. 'घरमालकीण बाईं'ना मी संदेश पाठवला, त्यावर दोन निळ्या खुणा उमटल्या आणि पाठोपाठ त्यांचा फोटो दिसेनासा झाला.

यानंतर मी जी चूक केली ती पहिल्या सगळ्या चुकांपेक्षा मोठी आहे. तक्रार करायला मी नऊ दिवस लावले. पारावर कोणीतरी म्हणालेच होते, "गुरुजी, कुत्र्यापायी कोनी अडीच-तीन लाख घालवते का बाप्पा?" आणि तेच ठाण्यातही ऐकावे लागेल, या धास्तीने पाय उचलत नव्हता. प्रत्यक्षात १९३० या मदत क्रमांकावर फोन घेणाऱ्या मुलीने कुत्र्याबद्दल एक शब्द काढला नाही. तिने फक्त व्यवहार क्रमांक, तारीख आणि खाते विचारले. एजंटाच्या खात्यात तोवर १८ हजार रुपये उरले होते, ते गोठवले गेले. पहिल्या दिवशीच फोन केला असता तरी जानेवारी-फेब्रुवारीचे हप्ते मिळाले नसते, पण २५ एप्रिलला दिलेले ४५ हजार बहुधा वाचले असते. लिथुआनियाला गेलेल्या रकमेबाबत बँकेने परत मागणीचा संदेश पाठवला आणि खाते रिकामे असल्याचे उत्तर आले.

२० मे रोजी मुलगी आणि पत्नी गेल्या, मी तान्हीजवळ थांबलो. नागपूरच्या डॉक्टरांनी २ मे रोजी माझ्यासमोर चिप बसवली, बसवण्याआधी आणि नंतर यंत्राने वाचून दाखवली, आणि मग लस दिली. ३ जूनला रक्त घेतले, म्हणजे बत्तीस दिवसांनी. हे अंतर मी दिनदर्शिकेवर तीनदा मोजले. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या अहवालातला चिपचा क्रमांक पंधराही अंक बोटाने पडताळून घेतला. दिवाळीला आलेल्या मुलीसोबत तान्ही १४ नोव्हेंबर २०२४ रोजी गेली, त्याच पिंजऱ्यातून, कारण एजंटाने विकलेल्या वस्तूंपैकी तेवढीच खरी निघाली होती. तान्ही त्यात नीट उभी राहू शकत होती आणि वळूही शकत होती.

डिसेंबरात गावातल्या एका माजी विद्यार्थ्याने मला मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. कंपनीचे नाव नवे होते, वाचवलेल्या कुत्र्यांबद्दलची वाक्ये जुनीच होती. खाली समाधानी ग्राहकांचे फोटो होते आणि त्यांत पिंजऱ्यात बसलेली तान्ही होती, मागे आमच्या ओट्यावरचे तुळशीवृंदावन आणि संत्र्याचे रिकामे क्रेट. फोटोखाली लिहिले होते, '२२ मे : हॅम्बर्गला सुखरूप पोहोचली.' त्या दिवशी तान्ही माझ्या खाटेखाली झोपलेली होती. त्या जाहिरातीची छापील प्रत मी तक्रारीच्या फाइलला जोडून आलो आहे.