माळेगावचं घोडं, वरातीचं की गावातल्या दावणीचं?

बालाघाटाच्या किंवा अजिंठ्याच्या डोंगरवाटांवर रपेटीसाठी घोडं घ्यायचं तर मराठवाड्यात मुख्यतः तीन दारं: मार्गशीर्षात माळेगावला (ता. लोहा) खंडोबाच्या यात्रेत भरणारा बाजार, शहरातला वरातीवाला आणि गावात हौसेने घोडं बाळगणारा शेतकरी.

निवड माळेगावला सगळ्यात मोठी. मारवाडी, काठेवाडी, गावठी सगळं एकाच माळावर. पण तिथला भाव उंची, रंग, भोवरे (अंगावरची केसांची वळणं) आणि रेवाल चालीचा (जलद, पण स्वाराला धक्के न देणारी चाल). टणक खूर आणि शांत डोकं यांचे वेगळे पैसे कोणी मागत नाही. म्हणजे भोवरा ‘खोटा’ (अशुभ) म्हणून मागे पडलेलं साधं कुमैत (तांबूस-तपकिरी) घोडं रपेटवाल्यासाठी सोन्यासारखं. अडचण पारखण्याची. मऊ मातीत दहा मिनिटांची फेरी, भोवती गर्दी, त्यात ट्रकचा लांबचा प्रवास झालेला. मान खाली, खालचा ओठ लोंबलेला, नराचं इंद्रिय बाहेर लोंबतंय, असं दिसलं तर गुंगीच्या औषधाची शंका घ्या. दुसऱ्या दिवशी न सांगता पुन्हा जा.

वरातीचं घोडं फटाके-बँडला बुजत नाही, ही मोठी जमेची बाजू. पण लगाम आवळला की नाचायचं, हेच त्याला शिकवलेलं असतं. उतारावर तुम्ही लगाम ओढाल आणि ते जागच्या जागी थयथय करेल. काटेरी लगामाने तोंड बधिर झालेलं असतं. पाठीवर खोगिराखाली पांढऱ्या केसांचे ठिपके म्हणजे बहुधा जुन्या जखमा. सवय मोडता येते, पण नवख्याने त्या फंदात पडू नये.

गावातल्या दावणीला एकच घोडं असतं, घ्या नाहीतर सोडा. तरी आमचा कौल तिकडेच, कारण तिथे ते थंड अंगाने, म्हणजे आधी पळवून तापवलेलं नसताना, बघता येतं. आम्ही येईपर्यंत खोगीर घालू नका, असं आधीच सांगा. मग मालकाला धरायला, चारही पाय उचलून दाखवायला, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळायला लावा. मुरमावर सरळ दुडकीत पळवा: पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर जातं. नंतर उतारावरून आणा. उतरताना भार पुढच्या पायांवर येतो आणि लपलेला लंगडेपणा उघडा पडतो. शेवटी दावणीकडे पाठ करून एकटंच किलोमीटरभर न्या. सोबत्याशिवाय पाऊल न टाकणारी घोडी बाकी कितीही गुणी असो, डोंगरात उपयोगाची नाही.

वय तोंडात बघा. पाच वर्षांपर्यंत पुढचे सगळे दात पक्के होतात. वरच्या कोपऱ्यातल्या दातावर हिरडीपाशी साधारण दहाव्या वर्षी खाच दिसू लागते, पंधराला ती अर्ध्यावर येते. पहिलं घोडं सात ते बारा वर्षांचं, घोडी किंवा खच्ची केलेला नर घ्या. अंडील (खच्ची न केलेला) घोडा नको. वजनाचा हिशोबही करा: स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत. साडेतीनशे किलोच्या घोड्यावर सत्तर किलो.

कुठूनही घ्या, विसार देताना अट एकच: पशुवैद्यकाने रक्त घेऊन ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाची तपासणी निर्दोष आली तरच व्यवहार. हा रोग माणसालाही होतो आणि बाधित घोडं पाळू देत नाहीत. सर्रा या रक्तातल्या परजीवीच्या रोगाचीही तपासणी करून घ्या, तो गोमाश्यांमुळे पसरतो. यात्रेत अहवालासाठी कोणी थांबत नाही, गावातला मालक थांबतो.

चाऱ्याचंही तसंच. जुना खुराक एकदम बदलला की पोटशूळ उठतो, म्हणून नवा चारा आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवायचा. गावातून निघताना त्याच्या रोजच्या चाऱ्याच्या चार पेंढ्या आणि भरड्याचं एक पोतं मागून घ्या. कडबा चांगला वाळलेलाच द्या; कोवळी हिरवी ज्वारी घोड्याला विषारी ठरू शकते.