व्हिएतनाममधल्या 'सापा'चा ट्रेक: हॉटेलकडून नको, ह्मोंग बायकांकडूनच घ्या (ता वान होमस्टेसकट)

मुंबईहून हनोईला डायरेक्ट फ्लाइट झाल्यापासून आपल्याकडचे खूप लोक व्हिएतनामला जायला लागलेत, आणि तिथल्या सापा या डोंगरातल्या शहराचा विषय निघाला की पहिला प्रश्न हाच असतो, ट्रेक कुणाकडून घ्यायचा. मी आणि माझी जाऊ, दोघीच गेलो होतो. माझं उत्तर सरळ आहे, गावातल्या ह्मोंग (तिथली डोंगरात राहणारी जमात) बाईशी थेट बोला आणि तिच्याकडूनच बुक करा. आमच्या गाइड ताईंचं नाव नंबर इथे टाकत नाही कारण त्यांना विचारलेलं नाही, पण सापात उतरल्यावर इंडिगोत रंगवलेले काळेनिळे कपडे घातलेल्या बायका चौकात, चर्चजवळ भेटतातच, आणि बायकांनीच चालवलेले गाइडचे ग्रुप पण आहेत, ऑनलाइन सापडतात. दोन दिवस एक रात्र, जेवण राहणं धरून, माणशी आपले साधारण पाच हजार पडले. हॉटेलच्या काउंटरवर पण जवळपास तेवढेच सांगत होते, फरक एवढाच की तिथून बुक केलं की मधलं कमिशन जाऊन गाइडच्या हातात फारच थोडं पडतं. हे आम्हाला एकीने नाही, दोनतीन बायकांनी सांगितलं.

पोचायचं सोपं आहे. हनोई ते लाओ काय हा एक्सप्रेसवे २०१४ ला झाला, त्यामुळे स्लीपर बसने पाचसहा तासांत सापा. २०१६ पासून फानसीपानवर (३१४७ मीटर, व्हिएतनाममधलं सगळ्यात उंच शिखर) केबल कार जाते, म्हणून शहरात हॉटेलांची गर्दी आणि बांधकाम प्रचंड. शहरात एक रात्र पुरे. खरं सापा खाली मुओंग होआ खोऱ्यात आहे, लाओ चाय, ता वान ही गावं, डोंगर उतरत गेलेली भातशेती. इथे थंडीमुळे भाताचं वर्षाला एकच पीक निघतं, त्यामुळे शेत हिरवं किंवा पिवळं बघायचं असेल तर जून ते सप्टेंबरमध्येच जा.

रस्ता चिखलाचा आहे, पाऊस झाला असेल तर घसरगुंडीच. चांगल्या ग्रिपचे बूट नसतील तर तिथेच रबरी गमबूट भाड्याने घ्या. ताई प्लास्टिकच्या सँडलवर चालत होत्या, पाठीवर टोपली, आणि माझ्या जाऊबाईंचा हात धरून प्रत्येक उतार उतरवला. घाई अजिबात नाही, थांबावंसं वाटलं की थांबायचं. ताईंचं इंग्लिश एकदम फाडफाड, आणि ते शाळेत नाही, लहानपणापासून टुरिस्टांशी बोलून शिकलेलं, लिहिता वाचता येत नाही असं त्यांनीच सांगितलं.

जेवणाचं बोलते कारण शाकाहारी लोक घाबरतात. बुक करतानाच सांगा की मांस नाही, मासा नाही, फिश सॉस नाही आणि डुकराची चरबी पण नाही, हे चारही वेगवेगळं सांगायचं, नुसतं व्हेज म्हटलं तर फिश सॉस येणारच. आम्हाला वाफाळता भात, टोमॅटोतलं टोफू, कोबी, आणि वेलाच्या कोवळ्या शेंड्यांची लसूण घातलेली भाजी मिळाली, ती भाजी तर मी दोनदा मागून घेतली. रात्री मक्याची घरगुती दारू पुढे येते, नको म्हटलं तर कुणी आग्रह करत नाही.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते. रात्री ताईंच्याच घरी चुलीपाशी बसलो तेव्हा जाऊबाईंनी विचारलं, ताई तुम्ही कमावता तर घरात पैशाचं कोण ठरवतं? त्या हसल्या आणि मग खूप वेळ बोलल्या. तेल मीठ, मुलांची वह्यापुस्तकं, औषध, हे त्यांच्या पैशातून, कुणाला विचारत नाहीत. म्हैस घ्यायची, मोटरसायकल घ्यायची, घर वाढवायचं, हे नवऱ्याशी बोलून. आणि लग्न, मयत, पूजा, तिथे नवऱ्याच्या कुळाचे पुरुष बसून ठरवतात, बाई कितीही कमावती असली तरी. ह्मोंगांमध्ये कूळ बापाकडून चालतं, एकाच कुळात लग्न होत नाही, मुलगी लग्न करून नवऱ्याच्या कुळात जाते आणि तिच्यासाठी मुलाकडून चांदी, डुक्कर, पैसे द्यावे लागतात. त्यामुळे "आम्ही तुझ्यासाठी एवढे दिले" हे वाक्य भांडणात निघतं असं त्या म्हणाल्या. ऐकताना आम्ही दोघी एकमेकींकडे बघत होतो.

बायका कमावत्या झाल्या, हे सगळं एकदम झालेलं नाही. १९८६ च्या डिसेंबरात व्हिएतनामने दोई मोई म्हणजे आर्थिक सुधारणा चालू केल्या, सामूहिक शेती मोडून जमीन घराघराला मिळत गेली. १९९० नंतर लगेच सरकारने अफूची शेती बंद पाडली, डोंगरातल्या लोकांचा रोख पैसा तिथेच आटला. मग जंगलात मसाला वेलचीसारखी मोठी वेलची लावायला लागले, ती बरीचशी चीनला जाते, पण ते काम आणि ते पैसे जास्त करून पुरुषांकडे, आणि एखाद्या हिवाळ्यात बर्फ पडला की पीक गेलं. त्यात संकरित भात आला. आधी बी घरचंच असायचं, बायका निवडून जपून ठेवायच्या, आता दरवर्षी बी विकत, वर खत, म्हणजे रोख पाहिजेच. आणि १९९३ ला सापा परदेशी टुरिस्टांना उघडलं तेव्हा बायका आपले जुने भरतकामाचे कपडे विकायला शहरात गेल्या. तिथून त्यांची कमाई सुरू झाली. म्हणजे बी हातातून गेलं आणि पैसा हातात आला, हे एकाच पिढीत. आपल्याकडे सगळे म्हणतात ना बाई कमावती झाली की आपोआप तिचं घरात चालतं, तसं आपोआप काही होत नाही, तिथेही नाही आणि इथेही नाही. पण कमाई नसती तर ताईंना बोलायला जागाच मिळाली नसती, हेही तितकंच खरं.

जमिनीचं तर मला फारच आतून लागलं. तिथे जमिनीच्या कागदाला लाल पुस्तक म्हणतात, १९९३ च्या कायद्यानंतर त्यावर घरच्या प्रमुखाचं नाव यायचं, म्हणजे बहुतेक वेळा नवऱ्याचंच. २००३ च्या कायद्याने सांगितलं की जमीन दोघांची असेल तर नावंही दोघांची हवीत. ताईंच्या घरचं पुस्तक जुनंच आहे, बदलायला सरकारी कचेरीत जायचं, व्हिएतनामी फॉर्म भरायचे, आणि नवऱ्याने आधी हो म्हणायचं. माझं माहेर चांदवडकडचं, तिथे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन १९८६ च्या नोव्हेंबरात झालं होतं, आणि नंतर बायकोच्या नावावर जमीन करून द्यायची लक्ष्मीमुक्तीची मोहीम आली. आमच्या गावातल्या म्हाताऱ्या बायका अजून ते सांगतात, आणि तरी आमच्या भावकीतल्या किती सातबाऱ्यांवर बायकांची नावं आहेत ते मला माहीत आहे. मी ताईंना हे सांगितलं, त्या म्हणाल्या, मग तुमच्याकडे पण सेम.

कर्जाची गोष्ट वेगळी. सरकारची सोशल पॉलिसी बँक आहे, २००३ पासून चालू, ती गावात महिला युनियनच्या गटांमार्फत कमी व्याजाने कर्ज देते, आपल्या बचत गटासारखंच समजा. ताईंनी त्यातून म्हैस घेतली. कर्ज त्यांच्या नावावर, हप्ता त्यांच्या ट्रेकच्या पैशातून, म्हैस विकायची का हे मात्र नवऱ्याला विचारून. पण एक गोष्ट त्यांनी कुणालाच विचारली नाही, मोठ्या मुलीचं लग्न. कायद्याने अठरा लागतात पण गावात पंधरासोळाला होतात, आणि कुळातली मंडळी मागे लागली होती. ताईंनी सांगितलं शाळेची फी मी भरते, बारावीपर्यंत ती शाळेतच राहणार. नवरा गप्प राहिला आणि मग त्यांच्या बाजूने झाला. आता ताई ट्रेकवर असल्या की डुकरांना घालणं, धाकट्याला बघणं, भात लावणं तो करतो, आम्ही होतो तेव्हा चुलीवर भात त्यानेच चढवला होता. मला त्या माणसाचा पण आदर वाटला.

खरेदीबद्दल, शहरातल्या दुकानात ह्मोंग म्हणून विकलं जाणारं बरंच कापड कारखान्यातलं छापील असतं. खरं हवं तर ज्या घरी राहाल तिथेच घ्या, हेंप म्हणजे भांगेच्या जातीच्या झाडाच्या धाग्याचं हातमागाचं कापड, मेणाने नक्षी काढून इंडिगोत बुडवलेलं, महाग वाटेल पण सूत कातण्यापासून महिने जातात, आणि ताईंचे तळहात निळे झालेले बघितल्यावर मला घासाघीस करावीशी वाटली नाही. पहिल्या धुण्यात रंग जातो, वेगळं धुवा. लहान मुलं रस्त्यात विकायला येतात त्यांच्याकडून घेऊ नका, ती शाळा सोडून उभी राहतात, तसे बोर्डही लावलेत.

कमी काय होतं तर रात्री थंडी जोरात, रजई पुरली पण फळ्यांच्या फटीतून वारा येतो, गरम पाणी सोलरवर म्हणून ढगाळ दिवशी कोमटच, आणि संडास बाहेर. ज्येष्ठांना गुडघ्याचा त्रास असेल तर छोटा रस्ता मागा, ताई मार्ग बदलून देतात. गावात शिरायचं तिकीट वेगळं लागतं ते आधी विचारून घ्या. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा गरम पाण्याचा कापला.

पैसे रोख, डाँग या तिथल्या चलनात ठेवा, गावात एटीएम नाही. होमस्टे दुसऱ्या कुणाचा असेल तर गाइडचे पैसे आणि टीप तिच्याच हातात द्या, मालकाकडे किंवा ड्रायव्हरकडे देऊन पोचवायला सांगू नका.